पोटरीतले गोळे, हिरवी कॅप्सूल आणि रक्तातला खवटपणा

माझ्या ताईला डायलिसिस सुरू होऊन चार वर्षं झाली. सोलापुरात, आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. तिसरा तास सरत आला की तिच्या डाव्या पोटरीत गोळा येतो. मी उठून तिचा तळवा वरच्या बाजूला दाबून धरते, टेक्निशियन दादा मशीनवर पाणी ओढण्याचा वेग कमी करतात, आणि दोन-तीन मिनिटांनी तिचा चेहरा सैल होतो.

अशाच एका गोळ्याच्या वेळी शेजारच्या बेडवरच्या काकू म्हणाल्या, "तिला ती हिरवी कॅप्सूल दे गं. ई व्हिटॅमिनची. माझे गोळे कमी झाले तिनं." समोरच्या बेडवरून एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या डॉक्टरांनी तर बंद करायला लावली." मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, कारण मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक आहे. त्या दिवशी मी अर्धवट उत्तर दिलं. पूर्ण उत्तर द्यायला वेळ लागतो आणि मशीनच्या आवाजात ते जमत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. दिवाळी होऊन महिना उलटला की चकलीच्या डब्याच्या तळाशी उरलेल्या तुकड्यांना एक वास येतो. खवट. पावसाळ्यात उघडे राहिलेले शेंगदाणे असेच खवट होतात. तिथे घडतं ते असं: तेलाच्या एका रेणूमधून हायड्रोजनचा एक अणू हिसकावला जातो. तो रेणू अर्धवट राहतो, आणि रसायनशास्त्रात अर्धवट राहिलेल्याला स्वस्थता नसते. तो हवेतला ऑक्सिजन अंगावर घेतो आणि आणखी आक्रमक होऊन शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतो. आता शेजारी अर्धवट. तो त्याच्या शेजाऱ्याकडे वळतो. ठिणगी एकच पडलेली असते, पण गवताची पूर्ण गंजी धुमसू लागते. या अर्धवट, हिसकावून घेणाऱ्या रेणूंना फ्री रॅडिकल म्हणतात.

आपल्या अंगात तेलाचा डबा नसला तरी चरबी सगळीकडे आहे. प्रत्येक पेशीभोवती चरबीचाच पातळ पडदा असतो. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कणही चरबीचेच गोळे. डब्यातल्या तेलात जे घडतं ते या पडद्यांत आणि कणांत होऊ शकतं. मी ही उपमा ओढूनताणून आणलेली नाही. खाद्यतेल किती खवट झालं हे पाहण्यासाठी एक चाचणी करतात, खवटपणातून तयार होणाऱ्या मॅलॉनडायअल्डिहाइड या पदार्थाला गुलाबी रंग आणणारी. संशोधक डायलिसिसच्या रुग्णांच्या रक्तावरही नेमकी तीच चाचणी करत आले आहेत.

निरोगी शरीरातही फ्री रॅडिकल सतत तयार होतात. जंतू मारायला पांढऱ्या पेशी ती मुद्दाम बनवतात. त्याच वेळी त्यांना विझवणारी माणसंही शरीराने कामाला ठेवलेली असतात. आग लावणारे आणि विझवणारे यांचा तोल जाऊन आगीची बाजू जड झाली, की त्या स्थितीला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. हे नाव रुळवलं ते १९८५ साली हेल्मुट झीस या जर्मन शास्त्रज्ञाने. मनाच्या ताणाशी त्याचा संबंध नाही. मराठीत त्याला रक्तातला खवटपणा म्हटलं तर फार चुकणार नाही.

विझवणाऱ्यांपैकी एक

व्हिटॅमिन ई सापडलं ते किडनी किंवा हृदय यांच्या शोधात नाही. १९२२ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना दिसलं की ठरावीक आहारावर वाढवलेल्या उंदरांच्या माद्यांना गर्भ राहतो, पण टिकत नाही. आहारात लेट्यूसची पानं किंवा गव्हाचा अंकुर आला की टिकतो. पुढे १९३६ मध्ये गव्हाच्या अंकुराच्या तेलातून तो पदार्थ वेगळा काढला गेला आणि त्याला टोकोफेरॉल हे नाव मिळालं. ग्रीक भाषेत टोकोस म्हणजे बाळंतपण. खरं तर एकूण आठ भावंडं मिळून व्हिटॅमिन ई होतं, पण आपलं यकृत त्यातलं अल्फा टोकोफेरॉल निवडून रक्तात ठेवतं, बाकीच्यांना बहुतेक निरोप देतं.

हे अल्फा टोकोफेरॉल पेशीच्या पडद्यात, चरबीतच बसलेलं असतं. खवटपणाची साखळी त्याच्यापाशी आली की ते स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतं. समोरचा रेणू शांत होतो आणि साखळी तिथे तुटते. पण हायड्रोजन दिल्यावर ई स्वतः अर्धवट होतं. ते फार आक्रमक नसतं, तरी कामाचंही उरत नाही. त्याला पुन्हा उभं करायला कुणीतरी लागतं, आणि तो कुणीतरी म्हणजे मुख्यतः व्हिटॅमिन सी.

आग लागलेल्या घरात पाण्याच्या बादल्या हातोहात देणारी रांग डोळ्यांसमोर आणा. ई चरबीतलं, म्हणून ते घराच्या आत उभं आहे. सी पाण्यात विरघळणारं, म्हणून ते दारापाशी, अंगणात. आतला माणूस बादली रिकामी करून मागे देतो, अंगणातला भरून पुन्हा आत देतो. अंगणात कुणी नसेल तर आतला माणूस रिकामी बादली घेऊन उभा राहतो. प्रयोगशाळेत तर याच्याही पुढचं दिसलं आहे: मागे सी नसेल तर एलडीएलच्या कणात अडकलेलं अर्धवट ई स्वतःच नवी साखळी सुरू करू शकतं. विझवायला पाठवलेल्याच्या हातून ठिणगी पडते. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे ठेवा: ई एकटं काम करत नाही. कॅप्सूल एकट्या ईची असते.

डायलिसिसवर आग का भडकते

किडनी निकामी होऊ लागते तेव्हाच, मशीनशी गाठ पडण्याआधीच, तोल जायला लागलेला असतो. रक्तात साचणारा युरेमियाचा कचरा पेशींना चिथावत राहतो. शिवाय किडनी ही नुसती गाळणी नव्हे. रक्तात फिरणारं ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज नावाचं एक विझवणारं एन्झाइम मुख्यतः किडनीतच बनतं. किडनी गेली की अंगणातली ही विहीरही आटते.

मग मशीन येतं. फिस्टुलातून, म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेतून, निघालेलं रक्त मिनिटाला दोनशे-तीनशे मिलिलिटर या वेगाने डायलायझरमधून, म्हणजे आपण ज्याला कृत्रिम किडनी म्हणतो त्या नळकांड्यातून जातं. त्यात केसांसारख्या हजारो पोकळ तंतूंच्या भिंती असतात. पांढऱ्या पेशींना त्या भिंती परक्या वाटतात. जंतू आला असं समजून त्या शस्त्रं काढतात. १९६८ सालीच नोंदलं गेलं होतं की डायलिसिस सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या एकदम खाली जाते. १९७७ मध्ये कारण उलगडलं: सेल्युलोजच्या त्या जुन्या पडद्यांना शिवून रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची जंतूंविरुद्धची यंत्रणा जागी होत होती आणि चिथावलेल्या पांढऱ्या पेशी फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत गोळा होत होत्या. हल्लीचे पॉलिसल्फोनसारखे पडदे रक्ताशी पुष्कळ सौम्य वागतात, पण चिथावणी शून्यावर आलेली नाही.

या पेशींचं एक शस्त्र आपल्या फार ओळखीचं आहे. गावच्या विहिरीत ग्रामपंचायत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकते. पाण्यात गेल्यावर तिच्यातून जे हायपोक्लोरस आम्ल तयार होतं, तेच पांढऱ्या पेशी मायलोपेरॉक्सिडेज या एन्झाइमच्या मदतीने बनवतात. विहिरीतल्या जंतूंसाठी उत्तम. रक्तवाहिनीच्या नाजूक अस्तरासाठी तितकंच वाईट. पॅरिसच्या संशोधकांनी १९९६ मध्ये डायलिसिसच्या रुग्णांच्या रक्तात असल्या माऱ्याने बिघडलेली प्रथिनं मोजून दाखवली. म्हणजे चरबीच खवटते असं नाही, प्रथिनांवरही डाग पडतात.

तिसरी गोष्ट लोहाची. डायलिसिसवर रक्त कमी होतं, म्हणून ईपीओ या रक्त वाढवणाऱ्या इंजेक्शनबरोबर आयर्नची इंजेक्शनं शिरेतून देतात. ती गरजेची आहेत, त्यावरून कुणी नाक मुरडू नये. पण मोकळं लोह खवटपणाला जोर देतं. त्या रासायनिक क्रियेला १८९४ सालच्या फेंटन या शास्त्रज्ञाचं नाव आहे: लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड भेटले की सगळ्यात आक्रमक रॅडिकल तयार होतं. गंजक्या लोखंडी कढईत राहिलेलं तळणाचं तेल लवकर खराब होतं हे आपल्या आज्यांना फेंटनशिवाय माहीत होतं.

चौथी गोष्ट पाण्याची. डायलायझरमधल्या पडद्याच्या पलीकडून मिनिटाला सुमारे पाचशे मिलिलिटर द्राव वाहत असतो. चार तासांत सुमारे १२० लिटर. इतक्या पाण्याशी एका माणसाचं रक्त पातळ पडद्याआडून शेजार करतं. शहराच्या पाण्यातलं क्लोरामिन हे जंतुनाशक कार्बन फिल्टरने नीट निघालं नाही तर ते तांबड्या पेशी फोडतं, कारण तेही ऑक्सिडीकरण, म्हणजे खवटपणाचंच काम, करतं. पाण्यात जिवाणूंचे अंश असले तर पांढऱ्या पेशी आणखी चिथावतात. आरओच्या खोलीत रोज पाणी तपासून वहीत आकडा लिहिणारा माणूस रुग्णांच्या रक्तवाहिन्या वाचवत असतो, हे मला वॉर्डात बसायला लागल्यावर कळलं.

आणि पाचवी गोष्ट, जिच्यावर सगळं उत्तर उभं आहे. डायलिसिसमध्ये कचऱ्याबरोबर चांगल्या गोष्टीही धुऊन जातात. कोणत्या? ज्या पाण्यात विरघळतात त्या. एका बैठकीत रक्तातल्या व्हिटॅमिन सीची पातळी तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते. व्हिटॅमिन ई चरबीत बसलेलं, एलडीएलच्या कणात. तो कण पडद्याच्या छिद्रांतून जाऊच शकत नाही. ई जागेवर राहतं, सी वाहून जातं. आतला माणूस उभा आहे, अंगण रिकामं झालंय. त्यात पोटॅशियमच्या भीतीने ताईचा मोसंबी, आवळा, टोमॅटो, पालेभाज्या यांवर हात आखडलेला; भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून द्यायचं, म्हणजे उरलंसुरलं सीही मोरीत. पथ्य बरोबरच आहे, पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं. पण त्या पथ्याची ही किंमत आहे.

रिपोर्टमधला आकडा

मग रक्तातलं ई तपासून घ्यावं का? इथे बऱ्याच जणांची फसगत होते. प्रौढ माणसात लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की ईची कमतरता म्हणतात. डायलिसिसच्या रुग्णांत हा आकडा जगभरच्या अभ्यासांत कुठे कमी, कुठे नेहमीचा, कुठे जास्तही आला आहे. ही मंडळी चुकीचं मोजत होती असं नाही. ई एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा आणखी एक प्रकार) यांच्या कणांत बसून प्रवास करतं. स्टँडवर किती प्रवासी उतरले एवढंच मोजून एसटीतली गर्दी कळत नाही, गाड्या किती आल्या हेही लागतं. डायलिसिसवर अनेकांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले असतात, म्हणजे गाड्याच जास्त. त्यामुळे एकूण ई ठीक दिसतं, पण दर कणामागे ते कमीच असू शकतं. म्हणून संशोधक ई आणि रक्तातली चरबी यांचं गुणोत्तर पाहतात. नुसता ईचा आकडा लिहिलेला रिपोर्ट अर्धी गोष्ट सांगतो.

वेळेचाही घोळ आहे. डायलिसिसच्या शेवटी अंगातलं दोन-तीन लिटर पाणी गेलेलं असतं, रक्त दाटलेलं असतं. आमटी आटली की मीठ जास्त लागतं, तसं त्या वेळी घेतलेल्या नमुन्यात ई वाढल्यासारखं दिसतं. वाढलेलं काही नसतं.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते वेगळंच मोजमाप. काही अभ्यासांत रक्तद्रवातलं ई व्यवस्थित असूनही तांबड्या पेशींच्या पडद्यातलं ई कमी सापडलं. गोदामात माल आहे, दुकानात नाही. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. डायलिसिसवर ती त्याआधीच मोडते. त्याची कारणं अनेक आहेत, पण सतत खवटपणाचा मारा खाणारा पडदा हे त्यातलं एक.

कॅप्सूल घेतली तर

हे सगळं उलगडल्यावर साहजिकच वाटलं की ई जास्त द्या, आग विझेल, हृदय वाचेल. वाटणं रास्त होतं. डायलिसिसवरच्या माणसाला हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका त्याच वयाच्या इतरांपेक्षा अनेक पटींनी जास्त असतो आणि नेहमीची कारणं, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, एवढ्याने तो सगळा फरक भरून निघत नाही.

२००० साली इस्रायलमधून एक बातमी आली. आधीच हृदयविकार किंवा तसा आजार असलेल्या १९६ डायलिसिस रुग्णांपैकी निम्म्यांना रोज ८०० युनिट (ई मोजायचं माप) ई दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी कॅप्सूल. साधारण ५१९ दिवस लक्ष ठेवलं. हृदयाचा झटका, लकवा, पायाच्या रक्तवाहिनीचा आजार, छातीतलं अस्थिर दुखणं, असं काहीही झालेले रुग्ण ई घेणाऱ्यांत १५ निघाले आणि न घेणाऱ्यांत ३३. निम्म्याहून कमी. फक्त हृदयाचा झटका पाहिला तर ५ विरुद्ध १७. मी तेव्हा शिकत होते. आमच्या सरांनी हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा वर्गात खुसपूस झाली होती, मला आठवतं. पण सरांनी खाली आणखी एक ओळ लिहिली: मृत्यूंच्या संख्येत ठोस फरक नाही. आणि शेजारी: फक्त १९६ माणसं.

त्याच वर्षी दुसरा, खूप मोठा अभ्यास आला. हृदयविकाराचा धोका असलेली ९,५४१ माणसं, रोज ४०० युनिट नैसर्गिक ई, साडेचार वर्षं. फायदा शून्य. त्यातल्या किडनी थोडी कमजोर असलेल्यांना वेगळं काढून पाहिलं, तरी शून्य. तोच अभ्यास पुढे लांबवला तेव्हा ई घेणाऱ्यांत हृदय कमजोर पडण्याचं प्रमाण जरा जास्तच दिसलं. २००५ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या हिशेबात रोज ४०० युनिट किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यांत मृत्यूंचं प्रमाण किंचित वाढलेलं आढळलं. २०११ मध्ये पस्तीस हजारांहून जास्त पुरुषांच्या अभ्यासात ४०० युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक निघाला. हे डायलिसिसचे रुग्ण नव्हते. पण 'व्हिटॅमिनच तर आहे, नुकसान काय होणार' हे वाक्य त्यानंतर कुणी बिनधास्त म्हणू नये.

डायलिसिसवरची पुढची मोठी चाचणी अमेरिकेत झाली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ३५३ रुग्ण, सहा महिने, रोज ६६६ युनिट मिश्र टोकोफेरॉल आणि त्याच्या जोडीला अल्फा लायपोइक आम्ल, तेही खवटपणा विझवणारंच. विचार चांगला होता, एकट्या अल्फाऐवजी भावंडं एकत्र. निकाल: अंगातला दाह दाखवणारे आकडे तेच, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचे आकडे तेच, ईपीओची गरजही तीच. त्रास कुणाला विशेष झाला नाही, पण गुणही आला नाही.

मला यावरून काय वाटतं ते सांगते. आपण आगीच्या आत आणखी माणसं पाठवत राहिलो. अंगणात माणूस नाही, मागून पाणी नाही, आणि आग जिथून लागते आहे त्या चुलींकडे कुणी पाहत नाही. अशा वेळी आतल्यांची संख्या वाढवून काय साधणार?

थोडकं आणि नेमकं वापरलं तेव्हा मात्र ईने काम केलेलं आहे. ऑस्ट्रियातल्या एका अभ्यासात २२ रुग्णांना डायलिसिसच्या सहा तास आधी ईचा एकच मोठा डोस दिला आणि मग शिरेतून आयर्न दिलं. आयर्नमुळे उसळणारा खवटपणा त्यांच्यात कमी उसळला. जपानी कंपन्यांनी तर डायलायझरच्या पडद्यालाच ईचा लेप दिला, म्हणजे पांढरी पेशी जिथे चिथावते नेमक्या त्याच भिंतीवर पहारा. असे डायलायझर वापरल्यावर खवटपणाचे आकडे उतरतात हे दिसलं आहे. माणसं जास्त जगतात हे मात्र अजून कुणी दाखवलेलं नाही, आणि माझ्यासाठी शेवटी तोच हिशेब महत्त्वाचा आहे.

आणि काकूंचे गोळे?

काकू खोटं बोलत नव्हत्या. इराणमधल्या शिराझ शहरात २००१ साली प्रसिद्ध झालेला एक नीटस प्रयोग आहे: पायात गोळे येणारे ६० डायलिसिस रुग्ण, पंधरा-पंधराचे चार गट, आठ आठवडे. एका गटाला ४०० मिलिग्रॅम ई, दुसऱ्याला २५० मिलिग्रॅम सी, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला रिकामी गोळी. गोळे ईने ५४ टक्के कमी झाले, सीने ६१ टक्के, आणि दोन्ही मिळून ९७ टक्के. रिकाम्या गोळीने ७. बादल्यांची रांग आठवते ना? गट लहान आहेत, आठ आठवडे म्हणजे थोडेच दिवस, आणि सी दीर्घकाळ जास्त घेतलं तर किडनी नसलेल्या शरीरात ऑक्झलेट नावाचा क्षार साचतो, म्हणून हा आकडा पाहून दोन्ही बाटल्या आणू नका. पण पायातल्या गोळ्यांसाठी डॉक्टरांनी काही आठवडे ई लिहून दिलं तर त्याला आधार आहे, एवढं मी काकूंना मोकळेपणाने सांगितलं.

पायात गोळे येण्याचं पहिलं कारण मात्र बहुतेकदा साधं असतं: दोन डायलिसिसमध्ये वजन फार वाढलं आणि चार तासांत फार पाणी ओढावं लागलं. ताई ज्या आठवड्यात पाणी मोजून पिते त्या आठवड्यात मला उठावं लागत नाही.

काकूंच्या बाबतीत मला दुसरीच काळजी होती. ४०० युनिटच्या एका कॅप्सूलमध्ये, ती कृत्रिम ईची असेल तर, शरीराला उपयोगी पडेल असं सुमारे १८० मिलिग्रॅम ई असतं. प्रौढांची रोजची गरज धरतात १५ मिलिग्रॅम. म्हणजे बारा पट. चेहऱ्याला लावायला आणलेली, केसांच्या तेलात फोडलेली, घराघरात पडून असलेली ही कॅप्सूल आपल्याला औषध वाटतच नाही. पण मोठ्या मात्रेत ई रक्त गोठवणाऱ्या व्हिटॅमिन केच्या कामात आडवं येतं. डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून हिपॅरिन दिलेलंच असतं. त्यावर कुणाला ॲस्पिरिन, कुणाला क्लोपिडोग्रेल, कुणाला वॉरफरिन, सगळी रक्त पातळ ठेवणारी औषधं. काकूंना स्टेंट बसलेला आहे आणि सुया काढल्यावर त्यांना सगळ्यांत जास्त वेळ दाबून बसावं लागतं. ते कॅप्सूलमुळेच होतं असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या डॉक्टरांना कॅप्सूलचा पत्ताच नव्हता, कारण विचारल्यावर त्या फक्त 'गोळ्या' सांगायच्या आणि ही त्यांच्या मते गोळी नव्हती.

किडनीच्या आहाराबाबतची २०२० सालची अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वंही डायलिसिसच्या रुग्णांना ए आणि ई सरसकट देऊ नये, साचून विषबाधा होऊ शकते, असंच सांगतात. सी कमी पडण्याची शक्यता असेल तर पुरुषांना दिवसाला ९० आणि स्त्रियांना ७५ मिलिग्रॅम इतकी गरज भरून काढण्याचा विचार करावा, असंही त्यात आहे. पाचशेची चघळायची गोळी नव्हे. ताईची सी तिच्या डॉक्टरांनी याच हिशेबाने लिहून दिली आहे.

आहारातलं ई मात्र घाबरण्यासारखं नाही, आणि सोलापूरकरांनी तर मुळीच घाबरू नये. करडईच्या तेलात ते भरपूर आहे, शंभर ग्रॅममागे तीस मिलिग्रॅमच्या वर. सूर्यफुलात त्याहून थोडं जास्त. दिवसभराच्या स्वयंपाकातल्या दोन-तीन चमचे तेलातून चांगला वाटा मिळतो, आणि तेलात पोटॅशियम नाही, फॉस्फरस नाही. बदामातही ई आहे, पण मुठीमुठीने खाल्ले तर ती दोन्हीही येतात. घाण्यावरचं तेल लहान बाटलीत आणावं, झाकण घट्ट लावावं, तळणाचं तेल पुन्हापुन्हा तापवू नये. ते उष्णतेने आणि हवेने खवट होतं, आणि त्यात जे पहिलं खर्ची पडतं ते हेच ई.

बाकी चुली विझवायच्या त्या वेगळ्याच आहेत आणि त्यातल्या बऱ्याच कॅप्सूलहून कंटाळवाण्या आहेत. मानेतल्या कॅथेटरपेक्षा हातातला फिस्टुला बरा, कारण कॅथेटरला (मानेच्या शिरेत घातलेल्या नळीला) जंतुसंसर्ग होतो आणि अंगात दाह धुमसत राहतो. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे जायचं. तोंडातली सूजही रक्तात बोलते. तंबाखू, मिशरी बंद. आयर्न देण्याआधी फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासलं का हे विचारायचं, कारण भरलेल्या कोठारात आणखी लोह नको. आठवड्यातून तीनदा डायलिसिस लिहून दिलं असताना खर्च आणि येण्याजाण्यापायी दोनदाच करणारे आमच्या वॉर्डात निम्मे आहेत. त्यात ताईही आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, तरी गावाहून येण्याची गाडी, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी त्यात बसत नाही. धुतला न गेलेला तो तिसरा दिवस रक्तात राहतो, आणि त्यावर कुठलंच व्हिटॅमिन चालत नाही. ताईचा तिसरा दिवस कसा बसवायचा याची आमच्या घरात सध्या बोलणी चालू आहेत.

काकूंनी पुढच्या खेपेला घरातल्या सगळ्या औषधांची पिशवीच आणली. दवाखान्यातली, मेडिकलमधून आणलेली, सुनेच्या कपाटातली हिरवी पट्टीही. सिस्टरनी एकेक नाव वाचून फाइलमध्ये उतरवलं. क्लोपिडोग्रेलच्या ओळीखाली त्यांनी लिहिलं, व्हिटॅमिन ई ४००, रोज एक, किती दिवसांपासून? काकू विचार करत म्हणाल्या, "मागच्या गणपतीपासून असेल," आणि सिस्टरनी तेही लिहून घेतलं.